सहा आकडे

माझ्या अंगठ्यावर रेषा नाहीत.
हिंगण्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
पत्रा दाबताना, ग्रीस पुसताना, घासलेटात हात धुताना
त्या कुठं वाहून गेल्या, मी मोजदाद ठेवली नाही.
कंपनीनं ठेवली ती फक्त बारा टक्क्यांची.

म्हणून दर नोव्हेंबरात
हयातीच्या दाखल्याला मशीन मला ओळखत नाही.
लाल दिवा. पुन्हा लाल दिवा.
"काका, हात धुऊन या," खिडकीतली पोरगी म्हणते.
मी जिवंत आहे हे मी तिला
खोकून दाखवतो.

त्यानं मात्र पहिल्या घंटीला ओळखलं.

मे महिना, दुपारचे दोन,
कूलरच्या गवताला पाणी मारत होतो.
"मारोतराव सोनकुसरेच ना आपण?"
आवाज गुळगुळीत, मराठी पुण्याकडचं.
माझा यूएएन त्याला पाठ, रुजू झाल्याची तारीख पाठ,
शेवटचा पगारसुद्धा, जो मीच विसरलो होतो.
व्याजाचे एक लाख अठरा हजार म्हणे पडून आहेत,
पाचच्या आत उचलले नाहीत तर सरकारजमा.
मोबाइलवर सहा आकडे येतील,
तेवढे फक्त वाचून दाखवा.

आले.
चष्मा लावला.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.
एकतीस वर्षांत त्या शेडमध्ये
मला कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं.

पहिला आकडा जिभेवर आला
तेव्हा तो म्हणाला, "काळजी नको साहेब,
नॉमिनी मॅडमशी सकाळीच बोलणं झालंय.
त्या हो म्हणाल्या."

इंदू?

कूलरचं पाणी टपटपत राहिलं.
चार वर्षं झाली तिला जाऊन.
मी विचारलं, "काय म्हणाली ती?"
खरंच विचारलं.
तेव्हा त्यानं तिचा नुसता आवाज ऐकवला असता
तर सहा काय, साठ आकडे दिले असते.

"हो म्हणाल्या ना, लगेच."

लगेच?
बुधवार बाजारात पावभर वांग्यांसाठी
जी तीन फेऱ्या मारायची,
या लग्नाला हो म्हणायलाच
जिनं दीड वर्ष लावलं,
ती, लगेच?

"मंग आकडे बी तिलेच इचार," म्हटलं
आणि फोन ठेवला.
हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी पोह्याच्या गाडीवर
सगळ्या रिटायर मंडळींना रंगवून सांगितलं.
तर्री सांडेपर्यंत हसले.
ढबाले म्हणे, "वहिनीनं मेल्यावर बी वाचोलं बाप्पा तुले!"

हसला नाही तो एकटा नरोत्तम गजभिये.
फंडाचा सगळा पैसा पोरीच्या लग्नात गेला,
असं दोन वर्षांपासून सांगत आलेला.
आम्ही जेवलो होतो त्या लग्नात.
वरण, भात, एक भाजी.
हिशेब कोणी केला नव्हता.

तो चमच्यानं चणे एका बाजूला सारत बसला.
एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरल्यावर
म्हणाला, "मी सांगतले होते.
सहाही."

गाडीवाल्यानं न विचारता
त्याच्या प्लेटीत तर्री ओतली.
ढबालेनं बाक जवळ ओढला.
बायकोलाही माहीत नाही, म्हणाला.
पोरीला तर नाहीच नाही.

उद्या अकराला त्याच्यासोबत सायबर ठाण्यात जायचं आहे,
मी, ढबाले, आणि पासबुकाच्या झेरॉक्स.
पैसे परत येतील असं कोणी म्हटलं नाही.

तिथून मला पीएफच्या ऑफिसात जायचंय,
नॉमिनीच्या रकान्यातलं
इंदूचं नाव काढायला.
चार वर्षं ते काम राहून गेलं.
राहून गेलं म्हणजे,
ठेवलं होतं.